दोनदा चालेल, तिसऱ्यांदा नाही: एका मोजणीची पार्श्वभूमी

यवतमाळकडच्या गणित शिक्षकांत एक प्रश्न वरचेवर फिरतो. आठवडी बाजारातल्या दुकानदाराकडे 1 ते 6 किलोची वजने आहेत, प्रत्येकी दोनच. 6 किलो माल किती तऱ्हांनी तोलता येईल? (खऱ्या काट्यावर 3 किलोचे वजन नसतेच, पण ते सोडा.) उत्तर 7. यावर दुमत नाही, भांडण यादीचे. एकाच्या यादीत 3+3 असते. दुसरा पुस्तकातून 2+2+2 घेऊन येतो (तिथली अट वेगळी: 3 ने भाग जाणारी संख्याच नको), आणि त्याचीही यादी 7 चीच भरते.

छंदशास्त्रातली मात्रांची मोजणी फार जुनी, पण तिथे क्रमाला महत्त्व. इथे 4+2 आणि 2+4 एकच; क्रम न पाहता केलेल्या अशा फोडीला विभाजन म्हणतात, आणि तिच्यातल्या संख्यांना भाग. 1748 साली छापलेल्या एका लॅटिन ग्रंथात सिद्ध झाले की सगळे भाग वेगळे असलेली विभाजने आणि सगळे भाग विषम असलेली विभाजने संख्येने सारखीच. 1883 मध्ये हेच कोणत्याही d साठी मांडले गेले: एकही भाग d वेळा येऊ द्यायचा नाही, किंवा d ने भाग जाणारा भागच घ्यायचा नाही, मोजणी तीच. d = 3 घ्या. तीन सारखे भाग दिसले की त्यांचा एक करायचा, आणि तसे दिसत राहतील तोवर करत राहायचे. 2+2+2 चा 6 होतो, सहा एकांचे 3+3. उलट फिरताना 3 ने भाग जाणारा भाग तीन सारख्या तुकड्यांत फोडायचा. वरच्या दोन याद्या अशा एकास एक जुळतात.

खरी भानगड 'रेग्युलर' या शब्दाची. संख्या सिद्धांतातल्या लेखांत '3-रेग्युलर विभाजन' म्हणजे 3 ने भाग जाणारा भाग नसलेले. क्रमचयांच्या, म्हणजे वस्तूंच्या जागा बदलण्याच्या तऱ्हांच्या, गटांवर काम करणाऱ्यांकडे तेच नाव तीनदा न येणाऱ्या भागांना. त्यात त्यांच्याच घरात क्रमचयांच्या 'p-रेग्युलर' वर्गाचा अर्थ पुन्हा पहिला: p ही मूळ संख्या, आणि क्रमचयातल्या एकाही चक्राच्या (आपसात फेर धरून जागा बदलणाऱ्या वस्तूंच्या) लांबीला तिने भाग जात नाही. वर्ग एका अर्थाने, विभाजन दुसऱ्या! मोजणी सारखी असल्याने कोणाचे उत्तर चुकत नाही, म्हणूनच हा घोळ खपून गेला. माझ्या मते नावावर पुनरावृत्तीवाल्यांचा हक्क मोठा. 1970 च्या दशकात कॅरेक्टरिस्टिक p मधली (जिथे p वेळा 1 मिळवले की 0 येतो) या गटांची अविभाज्य प्रतिनिधाने (आणखी लहान न होणारी मॅट्रिक्सरूपे) एकेक करून ओळखली गेली ती याच विभाजनांवरून, नुसत्या संख्येवरून नव्हे. दुसऱ्या बाजूची सोय एवढीच की भागाकाराच्या अटीतून जनक फलाचा (सगळ्या मोजण्या सहगुणक म्हणून एकत्र बांधणाऱ्या मालिकेचा) गुणाकार थेट लिहिता येतो.

1961 मध्ये पुनरावृत्तीची मर्यादा एका भागावर न घालता, लगतच्या दोन भागांवर (जसे 2 आणि 3) मिळून ते किती वेळा येतात यावर घालून नवी सर्वसमता (दोन मोजण्या सारख्या असल्याचे विधान) मिळाली. 1997 च्या एका निकालानुसार, तीनदा न येणाऱ्या भागांच्या विभाजनांची संख्या जवळजवळ प्रत्येक n साठी 3 च्या हव्या त्या घाताने भागली जाते. 6 साठी मात्र ती 7 च.