गुडघेदुखीवर सप्लिमेंट घेण्याआधी हे वाचा

गुडघे दुखतात म्हणून आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक ग्राहकांचा पहिला प्रश्न असतो, "कोणती गोळी घेऊ?" सांध्यांसाठीची सप्लिमेंट विकणे हा आमचा व्यवसाय आहे, तरी या पत्रकात गोळ्यांचा विषय आम्ही मुद्दाम मागे ठेवला आहे. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे सांध्यांच्या झिजेत, सर्वांत भरवशाचा फरक पडतो तो व्यायामाने आणि वजन जास्त असल्यास ते उतरवल्याने. सप्लिमेंट त्यानंतर येतात, आणि ती सगळ्यांनाच लागू पडतात असे नाही.

दुखते ते नेमके काय?

हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. वय, वजन, जुनी दुखापत, आनुवंशिकता अशा कारणांनी ते पातळ होते, हाडांच्या कडा वाढतात, सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि भोवतालचे स्नायू अशक्त होतात. कूर्चेत वेदना जाणवून देणाऱ्या नसाच नसतात. दुखते ते अस्तर, कूर्चेखालचे हाड आणि आजूबाजूचा भाग. म्हणूनच एक्स-रेमध्ये भरपूर झीज दिसूनही काहींना फारसा त्रास नसतो, तर काहींचा एक्स-रे बरा असून जिना चढवत नाही. "गॅप कमी झाली आहे" एवढ्यावरून धीर सोडू नका.

"वंगण संपले, आता चालणे बंद" हा समज तर आम्हाला रोज ऐकू येतो आणि त्याने फार नुकसान होते. कूर्चेला रक्तवाहिन्याही नसतात. स्पंजासारखी ती दाबली जाते तेव्हा तिच्यातला द्रव बाहेर पडतो आणि दाब सुटला की सांध्यातला पोषक द्रव पुन्हा आत शिरतो. चालणे-फिरणे थांबवले तर हे पोषण मंदावते, मांडीचे स्नायू बारीक होतात आणि त्यांनी पेलायचा भार सांध्यावर येतो.

सुरुवात मांडीपासून

खुर्चीत ताठ बसा. एक पाय गुडघ्यात सरळ करून समोर उचला, पाच सेकंद तसाच धरा आणि सावकाश खाली आणा. प्रत्येक पायाने दहा वेळा. हे सहज जमू लागले की खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठण्या-बसण्याचा सराव करा. आधी उंच खुर्ची घ्या, मग नेहमीची. जोडीला चालणे, पोहणे, सायकल किंवा ताई ची (सावकाश हालचालींचा चिनी व्यायामप्रकार), जे तुमच्याकडून नेमाने होईल ते. व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नका. वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवसापर्यंत शमत असेल तर प्रमाण योग्य आहे. सांधा सुजला किंवा दुखणे रेंगाळले तर व्यायाम कमी करा, पण बंद करू नका. फरक जाणवायला दोन-तीन महिने जातात. बरेच जण त्याआधीच सोडून देतात, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

वजनाचा हिशेब तर थक्क करणारा आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की वजन १ किलोने उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो. दिवसभरात आपण हजारो पावले टाकतो, हे लक्षात घ्या.

काठी वापरायची असेल तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. डायक्लोफिनॅकसारखे वेदनाशामक जेल गुडघ्यावर चांगले काम करते आणि पोटातून घ्यायच्या गोळीपेक्षा रक्तात फार कमी उतरते. तरी आधी डॉक्टरांना विचारा.

आता सप्लिमेंट

सर्वाधिक मागणी ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन या कूर्चेतही आढळणाऱ्या घटकांना असते. अमेरिकेत १,५८३ गुडघेदुखीच्या रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. रोज १,५०० मिलिग्रॅम ग्लुकोसामाइन आणि १,२०० मिलिग्रॅम कॉन्ड्रॉइटिन मिळून घेणाऱ्यांपैकी सुमारे ६७ टक्के लोकांना २४ आठवड्यांनी उतार पडला. पण दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांतही हे प्रमाण ६० टक्के होते आणि हा फरक ठोस मानता आला नाही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघा आणि खुब्यासाठी ही दोन्ही घेऊ नयेत असे सुचवले. युरोपातल्या काही तज्ज्ञांचा मात्र ग्लुकोसामाइन सल्फेटला पाठिंबा आहे. काही ग्राहक बरे वाटल्याचे सांगतात ते खोटे नाही, पण त्यातला गोळीचा वाटा किती हे कोणी ठामपणे सांगू शकत नाही.

हळदीतले कर्क्युमिन आणि शल्लकी (एका झाडाचा औषधी डिंक) यांनी दुखणे कमी झाल्याचे काही चाचण्यांत दिसले आहे. त्या चाचण्या लहान आणि थोड्या मुदतीच्या होत्या. ड जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी, पण कमतरता नसताना केवळ गुडघ्यासाठी ते घेऊ नका. माशांच्या तेलात असणाऱ्या ओमेगा-३ चाही गुडघेदुखीवर ठोस परिणाम दिसलेला नाही. झिजलेली कूर्चा पुन्हा भरून येईल असे वचन कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. तसे करणारे सप्लिमेंट अजून उपलब्ध नाही.

घेऊन पाहायचेच असेल तर एका वेळी एकच घ्या. सुरुवातीला आणि मग दर आठवड्याला दुखण्याला ० ते १० मधला आकडा देऊन लिहून ठेवा. तीन महिन्यांत आकडा हलला नाही तर थांबवा. पुढची डबी आमच्याकडूनही घेऊ नका.

वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ग्लुकोसामाइन किंवा कर्क्युमिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनते, म्हणून त्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी लेबल नीट वाचावे. कर्क्युमिनच्या गोळ्यांनी क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या मातांनी यांतले काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नये. येताना चालू औषधांची यादी बरोबर आणा.

सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला, सोबत ताप आला, पडल्यावर पायावर भार देता येईना, सांधा मध्येच अडकू लागला, किंवा सकाळी सांधे अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेले राहू लागले, तर ही नेहमीची झीज नसू शकते. अशा वेळी आम्ही तुम्हाला कोणतेही सप्लिमेंट देणार नाही. थेट डॉक्टरांकडे जा.