आरोग्याचा मानवी हक्क व आंतरराष्ट्रीय उत्तरदायित्व

गाठता येईल तितक्या उच्च दर्जाचे शारीरिक व मानसिक आरोग्य प्रत्येक व्यक्तीला लाभावे, हा आंतरराष्ट्रीय कायद्याने मान्य केलेला हक्क. तसेच तो डावलला गेल्यास राज्यसंस्थेला जाब विचारण्याची, कारणे मागण्याची आणि भरपाई मिळवण्याची व्यवस्था. निरोगी राहण्याची हमी असा या हक्काचा अर्थ नाही; तशी हमी कोणतेच राज्य देऊ शकत नाही. उपचार, औषधे, पिण्यायोग्य पाणी, पुरेसे अन्न, मलनिस्सारण आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता यांवरचा दावा त्यात येतो. संमतीवाचून उपचार किंवा प्रयोग होऊ न देण्याचे स्वातंत्र्यही त्यात मोडते. हक्काचा आशय गेल्या पाऊणशे वर्षांत बराच तपशीलवार झाला आहे. तो मोडला तर कोणी, कोणापुढे, कशाचे उत्तर द्यायचे, ही बाजू मात्र अद्याप अपुरी राहिली आहे.

उगम : या हक्काचा आरंभ कोठे मानावा याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एक पक्ष तो फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत मागे नेतो. 1793 च्या जाहीरनाम्यात सार्वजनिक साहाय्य हे समाजाचे पवित्र ऋण म्हटले आहे. जर्मन वैद्य रूडॉल्फ फिर्खो यांनी 1848 मध्ये अप्पर सायलीशियातील टायफसच्या साथीची पाहणी करून तिचे मूळ दारिद्र्यात व राजकीय हक्कांच्या अभावात दाखवले, त्याचाही दाखला हा पक्ष देतो. दुसरा पक्ष लॅटिन अमेरिकेकडे बोट दाखवतो. मेक्सिकोच्या 1917 च्या संविधानाने कामगारांच्या व्यवसायजन्य आजारांची जबाबदारी मालकांवर टाकली, तर चिलीच्या 1925 च्या संविधानाने सार्वजनिक आरोग्याची काळजी हे राज्याचे कर्तव्य ठरवले. संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा पहिला कच्चा मसुदा तयार करणारे कॅनडाचे जॉन हम्फ्री यांनी लॅटिन अमेरिकेतील मसुद्यांचा उपयोग केल्याचे दिसते, त्यामुळे या मताला बळ मिळते. सोव्हिएट संघाच्या 1936 च्या संविधानातील मोफत वैद्यकीय सेवेची तरतूद आणि अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचे आर्थिक हक्कांविषयीचे जानेवारी 1944 चे भाषण यांनाही काही लेखक पूर्वसूरींचे स्थान देतात.

ही सर्व उदाहरणे एका देशातील राज्य आणि त्याची प्रजा यांच्या नात्याची आहेत. राज्याने इतर राज्यांसमोर स्वतःला बांधून घेतले, असा पहिला निःसंदिग्ध लेख म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची घटना होय. न्यूयॉर्क येथे 22 जुलै 1946 रोजी 61 देशांनी तिच्यावर सह्या केल्या आणि 7 एप्रिल 1948 रोजी ती अंमलात आली. वंश, धर्म, राजकीय मत, आर्थिक वा सामाजिक स्थिती यांचा भेद न करता आरोग्याचा लाभ हा मूलभूत हक्क आहे, असे तिच्या उद्देशिकेत म्हटले आहे. कायद्याच्या दृष्टीने हाच आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पैसे नाहीत म्हणून कोणीही पुरेशा उपचारांना मुकू नये, असे तत्त्व मांडणारा हिंदुस्थानातील आरोग्यविषयक भोर समितीचा अहवालही 1946 चाच. या दोहोंचा एकमेकांवर थेट प्रभाव पडला असे मात्र म्हणता येत नाही.

त्यापूर्वी आरोग्यविषयक आंतरराष्ट्रीय कायदा नव्हता असे नाही. पण तो क्वारंटीनचा कायदा होता. 1851 मध्ये पॅरिसला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय स्वच्छता परिषदेपासून व्यापार न अडवता पटकी युरोपबाहेर कशी थोपवायची, हाच प्रमुख प्रश्न होता. 1896 मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला आणि त्याच्याच धास्तीने फेब्रुवारी–मार्च 1897 मध्ये व्हेनिस येथे परिषद भरून प्लेगविषयक करार झाला. मुंबईची जहाजे व हजचे यात्रेकरू यांच्यावर नजर ठेवणे हा तिच्यापुढचा मोठा विषय होता. त्याच फेब्रुवारीत हिंदुस्थान सरकारने साथरोग अधिनियम संमत केला. त्याच्या दुसऱ्या कलमाने सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले, तर चौथ्या कलमाने सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृतीबद्दल अधिकाऱ्यांवर दावा लावण्यास बंदी घातली. पुण्यातील घरझडत्या, सामानाची जाळपोळ आणि त्यांतून 22 जून 1897 रोजी झालेला रँडवरील हल्ला हा इतिहास मराठी वाचकाला ठाऊकच आहे. येथे महत्त्वाचे ते चौथे कलम. आरोग्याच्या नावाने राज्याने माणसाच्या घरात शिरावे आणि त्या माणसाला दाद मागायला जागा नसावी, ही स्थिती कायद्यानेच निर्माण केली होती. याच अधिनियमाचा आधार 2020 च्या कोविड साथीतही घेण्यात आला.

करार व किमान गाभ्याचा वाद : 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पंचविसाव्या अनुच्छेदात वैद्यकीय सेवेचा उल्लेख पुरेशा राहणीमानाचा एक भाग म्हणून येतो. स्वतंत्र व बंधनकारक तरतूद आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बाराव्या अनुच्छेदात आहे. हा करार 16 डिसेंबर 1966 रोजी स्वीकारला गेला आणि 3 जानेवारी 1976 पासून लागू झाला. भारत त्यात 10 एप्रिल 1979 रोजी सामील झाला. अमेरिकेने 1977 मध्ये सही केली, पण अनुसमर्थन (करार बंधनकारक करणारी अंतिम मान्यता) दिलेले नाही. मसुद्याच्या टप्प्यात जागतिक आरोग्य संघटनेची ‘संपूर्ण शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य’ ही व्याख्या त्यात होती. ती पुढे वगळण्यात आली.

खरी अडचण दुसऱ्या अनुच्छेदात आहे. उपलब्ध साधनसंपत्तीच्या कमाल मर्यादेपर्यंत, टप्प्याटप्प्याने हक्कांची पूर्तता करावी, असे तो सांगतो. टप्पे कोणी ठरवायचे आणि साधनसंपत्ती अपुरी आहे हे कोणी तपासायचे, याविषयी तो मुग्ध आहे. कराराच्या देखरेखीसाठी 1985 मध्ये नेमलेल्या समितीने 1990 च्या तिसऱ्या सर्वसाधारण टिप्पणीत (कराराचा अर्थ उलगडणाऱ्या निवेदनात) ‘किमान गाभा’ ही कल्पना मांडली. प्राथमिक आरोग्यसेवेपासूनच लोक वंचित असतील, तर राज्य सकृद्दर्शनी दोषी ठरेल. मात्र हाताशी असलेले सर्व काही पणाला लावूनही जमले नाही हे सिद्ध करण्याची मुभा राज्याला राहील. आरोग्यासाठी वाहिलेली चौदावी टिप्पणी 2000 साली आली. तिने सेवांची उपलब्धता, आवाक्यात असणे, स्वीकारार्हता व गुणवत्ता या कसोट्या दिल्या आणि राज्याची कर्तव्ये आदर, संरक्षण व पूर्ती अशा तीन पातळ्यांवर मांडली. भेदभावविरहित सेवा, किमान अन्न, निवारा व पाणी, अत्यावश्यक औषधे आणि राष्ट्रीय आरोग्य आराखडा या गोष्टी तिने गाभ्यात घातल्या. परिच्छेद 47 मध्ये ती आणखी पुढे गेली : गाभ्यातील कर्तव्ये न पाळण्याचे समर्थन कोणत्याही परिस्थितीत करता येणार नाही.

तिसऱ्या टिप्पणीतील मुभा चौदाव्या टिप्पणीत नाहीशी झाली, हा बदल वादाचा विषय ठरला. काही विद्वानांच्या मते समितीने करारात नसलेले बंधन निर्माण केले, शिवाय टिप्पण्या मुळात बंधनकारकच नाहीत. इतरांच्या मते गाभा वगळला तर टप्प्याटप्प्याने या शब्दाला तळच उरत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने 2000 व 2002 मध्ये ‘किमान गाभा’ स्वीकारण्याचे टाळून धोरण वाजवी आहे का, एवढेच तपासले. तरीही 2002 च्या निकालात त्याने सरकारची कानउघाडणी केली. एचआयव्हीबाधित मातेकडून बाळाला होणारा संसर्ग रोखणारे नेव्हिरापिन औषध उत्पादक कंपनी पाच वर्षे फुकट द्यायला तयार होती, तरी सरकारने ते प्रत्येक प्रांतात दोनच प्रायोगिक ठिकाणांपुरते ठेवले होते. वाजवीपणाची कसोटी न्यायालयांना पेलणारी आहे हे खरे. पण तीत राज्याच्या धोरणाची परीक्षा होते, दारातून परत पाठवलेल्या रुग्णाच्या हक्काची होत नाही. म्हणून गाभ्याची कल्पना, तिच्या सीमारेषा पुसट असल्या तरी, टाकून देण्याजोगी नाही.

दाद मागण्याची ठिकाणे : करारातील राज्यांनी नियतकालिक अहवाल द्यावेत आणि समितीने त्यांवर निरीक्षणे नोंदवावीत, ही मूळ पद्धत. भारताच्या एकत्रित अहवालावर अशी चर्चा 2008 मध्ये झाली. व्यक्तीला थेट तक्रार करू देणारा ऐच्छिक प्रोटोकॉल (पूरक करार) 10 डिसेंबर 2008 रोजी स्वीकारला गेला आणि 5 मे 2013 रोजी अंमलात आला. भारत त्यात सामील नाही. 2002 पासून संयुक्त राष्ट्रे या हक्कासाठी विशेष प्रतिवेदक, म्हणजे पाहणी करून अहवाल देणारा स्वतंत्र तज्ज्ञ, नेमतात. न्यूझीलंडचे पॉल हंट हे पहिले. त्यांनी 2007 मध्ये मातामृत्यूंच्या पाहणीसाठी राजस्थान व महाराष्ट्राला भेट दिली होती. त्यांच्यानंतर 2008 ते 2014 या काळात हे पद मुंबईत स्थापन झालेल्या लॉयर्स कलेक्टिव्ह या वकिलांच्या संस्थेचे आनंद ग्रोवर यांच्याकडे होते.

आंतरराष्ट्रीय पातळीवरील सर्वांत बोलका निर्णय मात्र दुसऱ्याच समितीचा, म्हणजे स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाचे निर्मूलन करणाऱ्या समितीचा आहे. आलिन दा सिल्वा पिमेंटेल ही ब्राझीलच्या रिओ द जानेरो राज्यातील 28 वर्षांची आफ्रिकी वंशाची स्त्री. सहा महिन्यांची गरोदर असताना नोव्हेंबर 2002 मध्ये पोटदुखी व उलट्यांमुळे ती एका खाजगी आरोग्य केंद्रात गेली. तिला औषध देऊन घरी पाठवले. दोन दिवसांनी ती परतली तेव्हा पोटातील बाळ दगावले होते. वार काढण्याची शस्त्रक्रिया तब्बल 14 तासांनी झाली, रक्तस्राव वाढला, दुसऱ्या रुग्णालयात न्यायला रुग्णवाहिका वेळेवर मिळेना. तेथे पोचल्यावर खाट नसल्याने ती 21 तास बोळात पडून होती. 16 नोव्हेंबरला ती मरण पावली. केंद्र खाजगी असल्याने दोष आपला नाही, असा ब्राझीलचा बचाव होता. सेवा बाहेरून करून घेतली तरी देखरेखीचे कर्तव्य राज्याचेच राहते, असे सांगून समितीने 2011 मध्ये तो फेटाळला. आलिनच्या आईला भरपाई मिळाली ती 2014 मध्ये. सार्वजनिक आरोग्यसेवा खाजगी हातांकडे सोपवणाऱ्या कोणत्याही देशाला हा निर्णय लागू पडणारा आहे.

प्रादेशिक न्यायमंडळांत आफ्रिकी मानवी हक्क आयोगाने 2003 मध्ये गांबियाचा मनोरुग्णांविषयीचा वसाहतकालीन कायदा आफ्रिकी मानवी हक्क सनदेशी विसंगत ठरवला. आंतर-अमेरिकी न्यायालयाने 2018 मध्ये चिलीविरुद्ध पोब्लेते विल्चेस प्रकरणात आरोग्याच्या हक्काचा भंग प्रथमच स्वतंत्रपणे मान्य केला. आशियात असे न्यायालय नाही.

भारत : संविधानात आरोग्याचा हक्क नावाने नाही, सार्वजनिक आरोग्य सुधारण्याविषयीचा अनुच्छेद 47 हे केवळ मार्गदर्शक तत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्कातून काढला. 1995 मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय दस्तऐवजांचा आधार घेतला गेला. 1996 च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती प्रकरणात, आगगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. न्यायालयाने 25,000 रुपये भरपाई देऊन पैशांच्या टंचाईची सबब नाकारली. याच्या अगदी उलट, 1989 मध्ये गोव्यात एका एचआयव्हीबाधित तरुणाला सक्तीने वेगळे ठेवल्यावर त्याच्या आईने दाद मागितली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. त्या निकालात 1897 चा विचार अजून जिवंत दिसतो. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, 1993 ने वरील 1966 च्या कराराचा उल्लेख केला खरा. पण मानवी हक्कांच्या व्याख्येतच ‘भारतातील न्यायालयांकडून अंमलात आणता येण्याजोगे’ असा शब्दप्रयोग घालून त्याला वेसण घातली.

न्यायालयाबाहेरचा एक प्रयोग महाराष्ट्राचा आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे व ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा वा लाल रंग द्यायचा आणि जनसुनवाईत वैद्यकीय अधिकाऱ्याने सर्वांसमोर उत्तर द्यायचे, अशी रीत होती. बाहेरून औषधे आणायला लावणे, मोफत सेवेसाठी पैसे घेणे, परिचारिका गावात न फिरकणे या तक्रारी तेथे नावगावासह मांडल्या जात. जिनीव्हात बसणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या कोणत्याही समितीपेक्षा या सभेत जाब जवळून विचारला जात असे.

राज्येतर घटक : औषध कंपन्या व आंतरराष्ट्रीय संघटना यांच्याबाबत कायदा विरळ आहे. 2010 मध्ये हैतीत पसरलेल्या पटकीचा उगम संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळाशी जोडला गेला, पण भरपाईचे दावे 2013 मध्ये अग्राह्य ठरवले गेले आणि अमेरिकी न्यायालयांनी संघटनेचे कायदेशीर संरक्षण कायम ठेवले. सरचिटणीस बान की-मून यांनी डिसेंबर 2016 मध्ये माफी मागितली. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली, 2005 मध्ये नियम मोडणाऱ्या देशाला दंड करण्याची सोय नाही. कोविडनंतर 20 मे 2025 रोजी जागतिक आरोग्य सभेने महासाथविषयक करार स्वीकारला, मात्र रोगजंतूंचे नमुने व त्यांपासून मिळणारे लाभ यांच्या वाटपाचे परिशिष्ट तेव्हा बाकी ठेवले. ते मंजूर झाल्यावरच करार सह्यांसाठी खुला व्हावा आणि 60 देशांच्या अनुसमर्थनानंतर तो लागू व्हावा, असे तेव्हा ठरले.