दे टाळी, चिंगे!

आमच्या मांजरीने, चिंगीने, पहिली टाळी दिली ती सहाव्या दिवशी, आणि तीही चुकून. माझ्या बंद मुठीत उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा होता. आधी तिने मूठ हुंगली, मग चाटली, मग वैतागून पंजा मारला. त्याच क्षणी मी दुसऱ्या हातातल्या बॉलपेनचं बटण दाबलं. टिक्! मूठ उघडली, तुकडा तिला मिळाला. पुढचे चार दिवस मूठ थोडी थोडी सैल करत नेली आणि शेवटी उघडा तळवाच तिच्यासमोर धरला. आता ‘दे टाळी’ म्हटलं की पंजा येतो. म्हणजे, बाईसाहेबांना भूक असेल तर.

‘कुत्रा शिकतो, मांजर कसलं शिकतंय’ हे आपण सहज बोलून जातो. गंमत अशी की प्राणी शिकतात कसे याचा प्रयोगशाळेतला अभ्यास ज्या प्रयोगांनी मार्गी लागला, त्यातले सर्वांत गाजलेले प्रयोग मांजरांवरच झाले होते. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन संशोधकाने 1898 साली कोलंबिया विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात ते आहेत. लाकडी फळ्यांच्या ओबडधोबड पेटीत भुकेलं मांजर कोंडायचं आणि बाहेर खाणं ठेवायचं. आतली दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे. मांजर आधी ओरबाडायचं, फटींतून पंजे घालायचं, आणि त्या धडपडीत कधीतरी नेमका खटका दाबला जायचा. पुढच्या खेपांना सुटकेला लागणारा वेळ कमी होत गेला, पण हळूहळू, अडखळत. मांजराला कोडं एकदम उलगडलं, असं दिसलं नाही. ज्या कृतीचं फळ गोड, ती टिकते आणि बाकीच्या गळून पडतात, असा निष्कर्ष थॉर्नडाइकने काढला. माझी बंद मूठ म्हणजे तीच पेटी, फक्त उलटी.

पण या पेट्यांच्या गोष्टीला पुढे एक शेपूट फुटलं. 1946 साली गथ्री आणि हॉर्टन या दोघांनी अशाच पेटीत मध्यभागी एक दांडा उभा केला. दांडा हलला की दार उघडणार. मांजरं जवळजवळ एकाच साच्यातून काढल्यासारखी त्या दांड्याला अंग घासू लागली, आणि हा शिकण्याचा उत्तम नमुना मानला गेला. मग 1979 साली मूर आणि स्टटर्ड यांनी तो प्रयोग खाऊ न देता केला. माणूस समोर दिसत असला की मांजरं दांड्याला अंग घासायची. माणूस दिसेनासा केला की घासायची नाहीत. म्हणजे ते दार उघडायला शिकली नव्हती. ती समोरच्या माणसाला रामराम करत होती! पाय सापडला नाही म्हणून दांड्याला.

मला यातच सगळी मेख दिसते. मांजराच्या अंगात जे आधीपासून आहे त्यावरच खेळ बांधायचा. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आश्रयगृहातल्या 100 मांजरांना पाच-पाच मिनिटांच्या पंधरा बैठकांत चार गोष्टी शिकवल्या होत्या. समोर धरलेल्या वस्तूला नाक लावणं 79 टक्के मांजरांना जमलं, गिरकी 60 टक्क्यांना, टाळी 31 टक्क्यांना. सांगितल्यावर बसणं? जेमतेम 27. नवी वस्तू हुंगणं हा मांजराचा स्वभावच. हुकमावर बूड टेकणं नव्हे.

ती ‘टिक्’ कशाला, असं घरी सगळ्यांनी विचारलं. पंजा लागणं आणि खाऊ तोंडात पडणं यांत दोन-तीन सेकंद जातात. तेवढ्यात मांजर मान वळवतं, शेपटी चाटतं, आणि बक्षीस नेमकं कशाचं ते त्याला कळत नाही. आवाज तो क्षण पकडून ठेवतो. त्यासाठी आधी एक-दोन दिवस नुसतं टिक् आणि लगेच खाऊ, एवढंच करायचं.

खाऊ मात्र तिच्या आवडीचा हवा. शेजारच्या काकूंनी प्रेमाने पेढा आणला होता. मांजरांच्या जिभेवर गोड चव ओळखणारी यंत्रणाच तयार होत नाही; त्यासाठी लागणारं एक जनुक त्यांच्यात निकामी झालेलं आहे, हे 2005 साली समजलं. पेढा मीच खाल्ला. शिवाय तुकडा अगदी नाकाखाली धरला तर तिला तो धड दिसत नाही, कारण वीतभर अंतराच्या आतलं मांजराला धूसर दिसतं. तिथे नाक आणि मिशा कामाला येतात. ‘वेंधळी आहे’ म्हणून आम्ही तिला उगाच हसायचो.

रागावून उपयोग शून्य. एकदा मी आवाज चढवला, तर ती दोन दिवस कपाटावर.

सध्या वेगळीच पंचाईत झाली आहे. बाबांना शब्दकोडं सोडवताना पेनचं बटण टिकटिकवायची सवय आहे. पहिल्याच टिक्‌ला चिंगी त्यांच्या पेपरवर येऊन बसते आणि पंजा वर करते. खाऊ न देता नुसती टिकटिक चालू राहिली, तर काही दिवसांत तिच्या लेखी त्या आवाजाला काडीची किंमत उरणार नाही. म्हणून मी बाबांना टोपणवालं पेन आणून दिलंय.