आकाशछायाचित्रण सुरू करताना: आधी ट्रॅकर, दुर्बीण नंतर

दुकानात येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘दुर्बीण कोणती घेऊ?’ हा असतो. त्याआधी एक ठरवा: चंद्र आणि ग्रह टिपायचे आहेत, की तेजोमेघ, दीर्घिका आणि आकाशगंगेचा पट्टा? दोन्हींची सामग्री वेगळी. ग्रहांसाठी लांब नाभीय अंतर (फोकल लेंथ) आणि व्हिडिओतल्या हजारो फ्रेम लागतात. ते काम 8 इंची डॉब्सोनियनवरही (साध्या फिरत्या बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीवरही) होते. तेजोमेघांना लांबलचक एक्स्पोजर लागते, आणि तेवढा वेळ कॅमेरा आकाशाबरोबर फिरवणारे मोटरचे यंत्र म्हणजे ट्रॅकर. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे.

तारा ठिपका का राहत नाही

पृथ्वी फिरते, त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या थेट वरच्या आकाशातला) तारा दर सेकंदाला 15 विकला सरकतो. विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग. 24 मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यात पिक्सेल साधारण 3.9 मायक्रॉनचा असतो. त्यावर 50 मिमीची लेन्स लावली तर एका पिक्सेलमध्ये सुमारे 16 विकला मावतात, म्हणजे तारा सेकंदाला जवळजवळ एक पिक्सेल पुढे जातो. 135 मिमीला एका पिक्सेलमध्ये जेमतेम 6 विकला, त्यामुळे एका सेकंदातच रेघ दिसू लागते. तारा न ताणता किती सेकंद उघडायचे हे सांगणारा ‘500 भागिले नाभीय अंतर’ हा नियम 50 मिमीला, लहान सेन्सरचा क्रॉप धरून, 6 ते 7 सेकंद देतो. तेवढ्यात तारा सहा पिक्सेल लांब होतो. मृग नक्षत्र खगोलीय विषुववृत्तावरच असल्याने तिथे हा दोष सर्वाधिक उघडा पडतो. ट्रॅकर नसेल तर 500 ऐवजी 200 धरा आणि भरपूर फ्रेम घ्या.

पहिला संच

कॅमेरा नवा घेऊ नका. रॉ फाइल देणारा आणि मॅन्युअल मोड असलेला कोणताही डीएसएलआर किंवा मिररलेस पहिल्या वर्षाला पुरतो. पैसा आधी ट्रॅकरवर घाला. स्काय-वॉचरचा स्टार ॲडव्हेंचरर किंवा आयऑप्ट्रॉनचा स्कायगाइडर प्रो हे 5 किलो क्षमतेचे आहेत, पण छायाचित्रणासाठी छापील क्षमतेच्या निम्मे ते दोन तृतीयांश वजनच धरा. कॅमेरा, 135 मिमीची लेन्स आणि बॉलहेड मिळून दोन किलोच्या आसपास जाते, म्हणजे यंत्र आरामात चालते.

लेन्स 135 मिमीची, एफ/2 किंवा एफ/2.8. एपीएस-सीवर तिची चौकट साधारण 10 बाय साडेसहा अंशांची होते: मृगाचा पट्टा आणि खालचा तेजोमेघ एकत्र येतो, देवयानी दीर्घिका तिसरा हिस्सा व्यापते. एफ/2 ची लेन्स एफ/2.8 वर आणा, कडेचे तारे सुधारतात. घरातली 70-300 झूमही चालेल, फक्त फोकस झाल्यावर फोकस आणि झूम दोन्ही रिंगांना चिकटपट्टी लावा. वर रोखलेली झूम स्वतःच्या वजनाने घसरते.

याशिवाय इंटरव्हॅलोमीटर (ठरावीक वेळाने आपोआप फ्रेम घेणारा रिमोट), न डुलणारा ट्रायपॉड, दव रोखायला लेन्सभोवतीचा यूएसबी हीटर पट्टा आणि पॉवर बँक. सुरुवातीला आयएसओ 800 ते 1600, 60 सेकंदांच्या 60 फ्रेम, नंतर झाकण लावून त्याच सेटिंगच्या 20 डार्क (सेन्सरचा नॉइज वजा करायला) आणि एकसारख्या उजेडात 20 ते 30 फ्लॅट (कडेचा अंधार आणि धुळीचे डाग काढायला). या सगळ्या फ्रेमची जोडणी संगणकावर सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकरमध्ये करा, दोन्ही फुकट आहेत. कॅमेऱ्यातले स्टॅबिलायझेशन आणि ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद ठेवा. दुसरे चालू राहिले तर निम्मी रात्र कॅमेरा स्वतःच्याच डार्क फ्रेम घेण्यात घालवतो. फोकस मात्र तासाभराने पुन्हा तपासा, कारण तापमान उतरले की तो हलतो.

ध्रुवतारा आपल्याकडे खाली असतो

पुण्याहून ध्रुवतारा साडेअठरा अंशांवर, कोल्हापुराहून 17 अंशांच्याही खाली आणि नागपुराहून 21 अंशांवर. परदेशी व्हिडिओंत हा त्रास दिसत नाही. उत्तरेला समोरची इमारत, डोंगर किंवा शहराचा धुरकट उजेड असेल तर पोलर अलाइनमेंट (ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे रोखणे) अडते, म्हणून जागा निवडताना उत्तर आधी बघा. ध्रुवतारा ट्रॅकरच्या छोट्या दुर्बिणीतल्या जाळीच्या मधोमध आणून थांबू नका. तो खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून जास्त दूर आहे. मधोमध ठेवला तर मिनिटाला 10 विकलांपर्यंत घसरण होते. 135 मिमीला हे खपून जाते, 400 मिमीला नाही. त्या वेळची त्याची नेमकी जागा मोबाइल ॲप दाखवते.

कमी अक्षांशाचा दुसरा त्रास मोठ्या माउंटवर, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या बैठकीवर, होतो. ध्रुवाकडचा अक्ष जवळजवळ आडवा असल्याने काउंटरवेट (तोल साधणारे वजन) उत्तरेकडच्या पायाला थडकते. पाय फिरवून तिथे मोकळी जागा आणली तर माउंट पुढे कलंडू शकते. छोटा एक्स्टेन्शन पिलर हाच खात्रीचा उपाय.

दुर्बीण घेताना

ईक्यू-1 या हलक्या माउंटवरच्या 76 किंवा 114 मिमीच्या न्यूटोनियनला (आरशाच्या दुर्बिणीला) कॅमेरा जोडायला जाऊ नका. माउंट डुलते, आणि बहुतेकदा फोकसर पुरेसा आत जात नाही, त्यामुळे प्रतिमा सेन्सरवर येतच नाही. संगणकीय ऑल्ट-ॲझिमथ (वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारे) माउंट तारा धरून ठेवते, पण चौकट हळूहळू फिरत असल्याने लांब फ्रेमच्या कडा बिघडतात.

पहिली दुर्बीण 60 ते 70 मिमीची एपोक्रोमॅटिक रिफ्रॅक्टर (रंगदोष कमी असलेली भिंगांची दुर्बीण), सोबत फील्ड फ्लॅटनर (कडेपर्यंत तारे ठिपके ठेवणारे जोडभिंग). बहुतेक फ्लॅटनरना सेन्सरपर्यंत 55 मिमी अंतर हवे असते. कॅनन ईएफ (डीएसएलआर) बॉडीत 44 मिमी असतात, उरलेले 11 मिमी टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी) भरते. आरएफ (मिररलेस) बॉडीत 20 मिमीच असतात, तेव्हा 35 मिमी भरणारी रिंग घ्या. हे अंतर चुकले की कोपऱ्यातले तारे ताणले जातात आणि दोष दुर्बिणीवर येतो. या दुर्बिणीच्या वजनाला 5 किलोचा ट्रॅकर काठावर येतो. दुर्बीण आणि गाइडिंग (दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्याने माउंटची चूक सुधारत राहणे) निश्चित असेल तर सरळ एचईक्यू-5 दर्जाचे मोठे माउंट बघा.

उपकरणे जुळवण्याची हौस नसेल तर सीस्टार एस-50 सारखी स्मार्ट दुर्बीण वाईट नाही. 50 मिमी भिंग, 250 मिमी नाभीय अंतर. पण चौकट लहान, देवयानी एका फ्रेममध्ये मावत नाही.

ड्युअल-बँड फिल्टर (फक्त दोन अरुंद रंगपट्टे आत सोडणारा) शहरातून लाल तेजोमेघांना मदत करतो. दीर्घिका आणि तारकागुच्छांचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असतो, तिथे तो पैसे वाया घालवतो.

पावसाळा

जून ते सप्टेंबर सामान कपाटात राहते, आणि बुरशी तिथेच लागते. कापडी बॅगेत ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवून आकडा 40 ते 50 टक्क्यांत राखा. जेलचा रंग बदलला की ते वाळवून घ्या.

दुकानात येताना कॅमेरा, सर्वात लांब लेन्स आणि ट्रायपॉड बरोबर आणा. वजन करून, ट्रॅकरवर चढवून दाखवतो. जिथून फोटो काढणार त्या जागेचा उत्तर दिशेचा मोबाइल फोटोही आणा.