टायर झिजणं वेगळं, टायरचा दम जाणं वेगळं

गॅरेजमध्ये मिस्त्री टायरवर अंगठा फिरवतो आणि सांगतो, "गोटा झालाय, बदलून घ्या." फॉर्म्युला वनची शर्यत बघतानाही आपण नकळत हाच अंगठा फिरवत असतो. ड्रायव्हर रेडिओवर टायर संपल्याचं ओरडला की वाटतं, रबर घासून गेलं. बऱ्याचदा रबर शिल्लक असतं, गेलेली असते ती पकड. हा फरक कळला की ओव्हरटेक कधी होतो आणि कधी होतच नाही, याचं कोडं बरंचसं सुटतं.

झीज म्हणजे रबर कमी होणं. स्लिक, म्हणजे कोरड्या ट्रॅकसाठीचा बिनखाचांचा टायर नीट जवळून पाहिला तर त्यावर बारीक छिद्रं दिसतात. त्यांची खोली मोजली की किती रबर उरलं ते कळतं. हा मिलिमीटरचा हिशेब आहे, आणि गेलेलं रबर परत येत नाही. दम जाणं, ज्याला संघ डीग्रेडेशन म्हणतात, ते घड्याळात दिसतं. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, पण दर लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या दर फेरीला, वेळ थोडा थोडा वाढत जातो. त्यामागे मुख्यतः उष्णता असते. रबर ठरावीक तापमानातच रस्ता धरून ठेवतं. त्यापेक्षा तापलं की टायर घसरतो, आणि घसरला की आणखी तापतो.

या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत ते इस्तंबूलला 2020 मध्ये दिसलं. ओला, बुळबुळीत ट्रॅक. लुईस हॅमिल्टनने आठव्या लॅपला इंटरमीडिएट, म्हणजे ओलसर ट्रॅकसाठीचे खाचांचे टायर घातले आणि उरलेले 50 लॅप त्यांवरच काढले. शेवटी खाचा जवळजवळ पुसल्या गेल्या होत्या. मिस्त्रीने हात लावताच फेकून दिला असता असा तो टायर. पण ट्रॅक सुकत गेला तसा तोच गोटा टायर चांगला चालला. हॅमिल्टन जिंकला, आणि त्याच दिवशी त्याचं सातवं विश्वविजेतेपदही पक्कं झालं. झीज पुरेपूर, दम मात्र शाबूत.

ग्रेनिंगमुळे घोळ आणखी वाढतो. शाळेतलं खोडरबर कागदावर घासलं की त्याच्या वळ्या निघतात ना, तसंच टायरचं वरचं रबर फाटून त्याच्या गोळ्या त्यालाच चिकटतात. दिसायला ही भयंकर झीज वाटते, पण कधी कधी काही लॅपमध्ये पृष्ठभाग साफ होतो आणि वेग परत येतो.

आता ओव्हरटेककडे येऊ. पुढच्या गाडीच्या मागे हवा विस्कटलेली असते. त्यामुळे मागच्या गाडीचा डाउनफोर्स, म्हणजे हवेने तिला रस्त्यावर दाबून धरणारा जोर, घटतो, वळणावर ती घसरते आणि तिचे टायर तापतात. चार-पाच लॅप चिकटून राहिलं की ड्रायव्हरला मागे सरावं लागतं. म्हणजे उष्णतेने हळवा टायर ओव्हरटेक मारतो. पण टायरचा दम जातो म्हणूनच पिट स्टॉपचे, म्हणजे टायर बदलायला थांबण्याचे डाव वेगवेगळे पडतात, आणि जुन्या टायरवाल्याला ताज्या टायरवाला गाठतो. हंगेरी 2019 हे याचं सुंदर उदाहरण. ओव्हरटेकसाठी अवघड, अरुंद ट्रॅक. पुढे मॅक्स वर्स्टापेन, पंचविसाव्या लॅपपासून त्याच हार्ड, म्हणजे कडक रबराच्या टायरवर. हॅमिल्टनने 48व्या लॅपला त्याहून मऊ, मीडियम टायर घातले, सुमारे 20 सेकंदांचं अंतर कापलं आणि 67व्या लॅपला पहिल्याच वळणावर त्याला मागे टाकलं. एकूण लॅप 70. मला आजही ही शर्यत पुन्हा बघावीशी वाटते.

मुळात असे दम जाणारे टायर मागवले गेले ते कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या शर्यतीमुळे. 2010 मध्ये तिथे ब्रिजस्टोनचे टायर अनपेक्षितपणे लवकर हरले, म्हणजे त्यांचा दम गेला, आणि शर्यत रंगली. 2011 पासून टायर पुरवायला आलेल्या पिरेली कंपनीला तसाच खेळ घडवणारे टायर बनवायला सांगितलं गेलं. मग तक्रार सुरू झाली की ड्रायव्हर टायर जपत हळू चालवतात. 2017 मध्ये टायर टिकाऊ आणि रुंद झाले, पुढचे 245 वरून 305 मिलिमीटर, मागचे 325 वरून 405. ड्रायव्हरना जोर लावता आला, पण ओव्हरटेक घटले. त्यात त्या वर्षीच्या रुंद, जास्त डाउनफोर्सच्या गाड्यांचाही हात होता. टायर अजिबातच न हरणं किती कंटाळवाणं होतं, ते मोनॅको 2024 ने दाखवलं. पहिल्याच लॅपला लाल झेंडा दाखवून शर्यत थांबली, तिथेच जवळजवळ सगळ्यांनी टायर बदलून घेतले, आणि पहिले दहा जण सुरुवातीच्याच क्रमाने पोचले.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की टायर हरायला हवा, पण वयाने, दुसऱ्याच्या मागे धावल्याच्या शिक्षेने नव्हे. 2022 च्या 18 इंची टायरांमागे हाच विचार होता.

पुढची शर्यत बघताना मागच्या गाडीवर नजर ठेवा. ती दोन लॅप अंतर सोडते, टायर गार करते आणि पुन्हा पुढच्या गाडीला भिडते, तर तो ताप होता. अंतर सोडूनही वेग परत आला नाही, तर समजा पिटमध्ये नवा सेट टायर गरम ठेवणाऱ्या ब्लँकेटमधून बाहेर निघतोय.