प्रवासकाल (अंतर व वेगावरून)

प्रवासकाल : ठराविक अंतर ठराविक वेगाने कापायला लागणारा वेळ. शाळेतल्या काळ-काम-वेगाच्या गणितांतला हा सर्वांत सोपा प्रकार. अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो. अंतर किलोमीटरमध्ये आणि वेग ताशी किलोमीटरमध्ये असेल, तर उत्तर तासांत येते. मीटर आणि सेकंदांत हिशोब करायचा असल्यास ताशी वेगाला 5/18 ने गुणावे.

भागाकार सगळ्यांना जमतो, घोटाळा होतो तो उत्तर वाचताना. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किमीचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. तेवढे अंतर ताशी 100 च्या वेगाने कापायला 0.76 तास लागतात. म्हणजे 76 मिनिटे नव्हेत, 0.76 ला 60 ने गुणून येतात ती साधारण 46 मिनिटे. दशांश चिन्हापुढचे आकडे मिनिटे समजण्याची चूक मोठी माणसेही करतात.

सूत्रात घालायचा वेग हा सरासरी वेग असतो, स्पीडोमीटरचा काटा दाखवतो तो नव्हे. (बोलीत ‘गाडीचा अ‍ॅव्हरेज काय?’ म्हटले की लोक लिटरमागे किती किलोमीटर ते सांगतात. तो अ‍ॅव्हरेज इथे कामाचा नाही.) नाशिक–पुणे अंतर सुमारे 210 किमी. ताशी 60 धरले तर साडेतीन तास होतात, पण नाशिककर ‘पुणं पाच तास’ असेच म्हणतो आणि त्याचेच बरोबर ठरते. चाकणपर्यंतचे 180 किमी साठच्या सरासरीने तीन तासांत झाले आणि पुढचे 30 किमी गर्दीत ताशी 20 ने रखडत काढावे लागले, तर त्यातच दीड तास जातो. नारायणगावला चहाची वीस मिनिटे धरली की चार तास पन्नास मिनिटे. सगळ्या रस्त्याला एकच वेग लावण्यापेक्षा असे तुकडे पाडून वेळांची बेरीज करणे केव्हाही चांगले.

वेगांची थेट सरासरी काढणे ही दुसरी नेहमीची चूक. नाशिकहून त्र्यंबकेश्वर, हिशोबापुरते, 30 किमी धरू. पहाटे ताशी 60 ने गेलात तर अर्धा तास लागला. श्रावणी सोमवारी दुपारी परतताना वेग 20 वर आला, म्हणून दीड तास. एकूण 60 किमीला दोन तास, म्हणजे सरासरी 30. साठ आणि वीसची मधली चाळीस नव्हे. हळू चाललेल्या गाडीने जास्त वेळ खाल्लेला असतो, म्हणून सरासरी तिच्याकडे झुकते. याच कारणाने वेग वाढवून वाचणारा वेळही कमी कमी होत जातो : 200 किमीच्या पल्ल्यात 50 वरून 60 वर गेल्यास 40 मिनिटे वाचतात, 100 वरून 110 वर गेल्यास जेमतेम 11.

रेल्वेलाही हाच नियम. नाशिकरोड ते मुंबई सीएसएमटी सुमारे 187 किमी. पंचवटी एक्सप्रेसला साडेतीन तासांच्या आसपास लागतात, म्हणजे सरासरी 53 पडते; सपाटीवर ती याहून कितीतरी जोरात धावते. मधला वेळ थांबे आणि कसारा घाट खातात. घाटात चढ 1:37 आहे, म्हणजे 37 मीटर गेले की 1 मीटर वर. त्यामुळे मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला बँकर इंजिने जोडून ढकलत इगतपुरीपर्यंत आणतात.

पायी चालण्याचा वेग साधारण ताशी 4 ते 5 किमी धरतात. ब्रह्मगिरीची सुमारे 20 किमीची फेरी या हिशोबाने चार-पाच तासांत व्हायला हवी. तिसऱ्या श्रावणी सोमवारी, चिखलात, अनवाणी आणि पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवत चालताना सहा-सात तास सहज लागतात.