उत्तर युरोपीय प्रबोधनकालीन चित्रकला

आल्प्सच्या उत्तरेस, मुख्यतः फ्लँडर्स, नेदरलँड्स आणि जर्मन भाषिक प्रदेशांत, पंधराव्या व सोळाव्या शतकांत बहरलेली चित्रकला. ‘प्रबोधन’ ही संज्ञा तिला इटलीवरून लावली गेली असली, तरी ती पुरती चपखल नाही. कारण ग्रीक-रोमन कलेच्या पुनरुज्जीवनापेक्षा दृश्य वस्तूचे सूक्ष्म निरीक्षण हाच या कलेचा खरा पाया होता, आणि ते निरीक्षण गॉथिक काळातील सचित्र हस्तलिखितांच्या परंपरेत मुरलेले होते.

या निरीक्षणाला तैलरंगाची जोड मिळाली. ओकच्या फळीवर खडू व सरस यांचे अस्तर देऊन ते गुळगुळीत घोटले जाई आणि त्यावर जवसासारख्या तेलात खललेल्या रंगांचे पातळ, पारदर्शक थर चढवले जात. अंड्याच्या बलकातील चिकणरंग (टेंपेरा) पाहता पाहता वाळतात. तेल मात्र सावकाश वाळत असल्याने छटा एकमेकींत विरघळवता येत, आणि पांढऱ्या अस्तरावरून परतणाऱ्या प्रकाशामुळे मखमल, जर व रत्ने आतून उजळल्यासारखी भासत. तैलरंगाचा शोध फ्लँडर्सचा चित्रकार यान व्हान आयिक याने लावला, ही सोळाव्या शतकातील इटालियन कलाचरित्रकार वाझारी याने रूढ केलेली समजूत चुकीची आहे. बाराव्या शतकातील थिओफिलसच्या ग्रंथातही तेलात रंग खलण्याची कृती आढळते. व्हान आयिकने त्या माध्यमाची ताकद ओळखली, एवढे खरे. गेंट येथील पंखांचे (उघडमीट करता येणाऱ्या फळ्यांचे) भव्य वेदीचित्र त्याचा भाऊ ह्यूबर्ट याने आरंभले व यानने १४३२ मध्ये पूर्ण केले, असे चौकटीवरील लेख सांगतो. १४३४ च्या ‘आर्नोल्फिनी दांपत्य’ या चित्रात मागील भिंतीवरच्या बहिर्गोल आरशात दांपत्याची पाठ आणि दारातील आणखी दोन व्यक्ती दिसतात, तर आरशाच्या वर ‘यान व्हान आयिक येथे होता’ असे लिहिलेले आहे.

इटलीशी देवाणघेवाण दुहेरी होती. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या पेढीचा ब्रूजमधील प्रतिनिधी पोर्तिनारी याच्यासाठी ह्यूगो व्हान डर गूस याने रंगवलेले वेदीचित्र १४८३ मध्ये फ्लॉरेन्सला पोहोचले आणि त्यातील रापलेल्या मेंढपाळांचा ठसा तेथील चित्रकार गिर्लांदायो याच्या चित्रावर लगेच उमटला. उलट न्यूरेंबर्गच्या सोनाराचा मुलगा आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) व्हेनिसला जाऊन प्रमाणबद्धतेचा ध्यास घेऊन परतला. लाकडी व ताम्रपटावरील ठशांमुळे त्याची चित्रे युरोपभर विकली गेली. त्याच्या १५१५ मधील गाजलेल्या गेंड्याच्या ठसाचित्राचा संबंध गोव्याशी आहे: गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला भेट दिलेला हा प्राणी गोव्याहून लिस्बनला गेला. ड्यूररने तो प्रत्यक्ष कधीच पाहिला नाही. ऐकीव वर्णन व एका रेखाटनावरून काढल्यामुळे त्याच्या गेंड्याला चिलखत आणि पाठीवर जादा शिंग आले!

ल्यूथरच्या धर्मसुधारणेनंतर अनेक प्रदेशांत चर्चकडून मिळणारी कामे आटली. जर्मन चित्रकार हान्स होल्बाइन १५२६ मध्ये बाझेल सोडून इंग्लंडला गेला व पुढे राजदरबारी व्यक्तिचित्रांत रमला. १५६६ मध्ये मूर्तिपूजाविरोधी प्रॉटेस्टंट जमावांकडून नेदरलँड्समधील चर्चमधून असंख्य मूर्ती व चित्रे फोडली गेली. त्याच्या आदल्याच वर्षी पीटर ब्रॉयगेलने अँटवर्पच्या एका व्यापाऱ्यासाठी ऋतुचक्राची चित्रमालिका रंगवली होती. तिच्यातील उरलेल्या पाच चित्रांपैकी व्हिएन्नातील ‘बर्फातील शिकारी’ या चित्रात ना संत आहे, ना राजा. थकलेली माणसे नि कुत्री एक कोल्हा तेवढा घेऊन गोठलेल्या तळ्यांच्या गावाकडे उतरत आहेत.